जिल्ह्याच्या यादीत हिमोफिलियाची ४३ नावे : हा आकडा जिल्ह्याचा समजावा का?

आपला प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर आपल्याला सांगता येईल. आपण ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहात. जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २० लाख आहे. जिल्हा रुग्णालयाचे डे-केअर केंद्र, दोन रक्तपेढ्या आणि काही खासगी बालरोगतज्ज्ञ यांच्याकडून मिळालेली नावे एकत्र करून आपण हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त गोठवणारे 'फॅक्टर' हे घटक जन्मतः कमी असण्याच्या आजाराच्या, ४३ रुग्णांची यादी तयार केली. त्यांपैकी ४१ जणांच्या नावापुढे हिमोफिलिया ए (फॅक्टर ८ ची कमतरता) आणि २ जणांच्या नावापुढे हिमोफिलिया बी (फॅक्टर ९ ची कमतरता) असे लिहिले आहे. ३६ रुग्ण तीव्र स्वरूपाचे आणि ७ मध्यम स्वरूपाचे आहेत, सौम्य एकही नाही. दहा वर्षांखालील तीव्र रुग्ण ११ आहेत, तर चाळिशी ओलांडलेले केवळ २. यादीत स्त्री एकही नाही आणि व्हॉन विलब्रँड या दुसऱ्या रक्तस्रावी आजाराचा रकाना संपूर्ण रिकामा आहे. हाच आकडा जिल्ह्याचा म्हणून राज्याकडे पाठवावा, अशी वरिष्ठांची सूचना आहे. हा आकडा बरोबर आहे का, नसेल तर घरोघरी पाहणी करावी लागेल का, आणि तक्त्यात आणखी कोणती माहिती असावी, हे आपण विचारले आहे.

मी रक्तविकारांच्या उपचारात जवळजवळ तीन दशके काम करतो आहे आणि त्यातली बरीच वर्षे रुग्णनोंदणीचे काम माझ्याकडे होते. आपली यादी चुकीची आहे असे मी म्हणणार नाही. ती निदान झालेल्या आणि उपचारासाठी आपल्यापर्यंत पोहोचू शकलेल्या माणसांची यादी आहे. जिल्ह्यात किती रुग्ण आहेत, हा प्रश्न त्याहून वेगळा आहे. मात्र ४३ या बेरजेपेक्षा यादीची घडण, म्हणजे ए आणि बी यांचे प्रमाण, तीव्र आणि सौम्य यांचे प्रमाण, वय आणि लिंग, खूप अधिक सांगते. ही घडण नीट वाचली, तर कोण सुटले आहे आणि त्याला कुठे शोधायचे याचा बराचसा उलगडा घरी बसल्या होतो.

अपेक्षित संख्या कशी काढतात ते प्रथम पाहू. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, फ्रान्स, इटली, न्यूझीलंड आणि ब्रिटन या देशांच्या राष्ट्रीय नोंदवह्यांवरून २०१९ मध्ये जे अंदाज प्रसिद्ध झाले, त्यांनुसार दर लाख पुरुषांमागे सर्व तीव्रतेचे मिळून हिमोफिलिया एचे १७.१ आणि बीचे ३.८ रुग्ण असतात. त्यांपैकी तीव्र स्वरूपाचे अनुक्रमे ६.० आणि १.१. आपल्या जिल्ह्यात ढोबळमानाने १० लाख पुरुष धरले, तर एचे १७१ आणि बीचे ३८, असे २०९ रुग्ण अपेक्षित आहेत. त्यांत तीव्र ७१ आणि मध्यम व सौम्य मिळून १३८. आता आपली यादी या शेजारी ठेवा. तीव्र रुग्ण ७१ पैकी ३६ सापडले आहेत, म्हणजे साधारण निम्मे. मध्यम आणि सौम्य मात्र १३८ पैकी ७. एकच बेरीज पाहिली असती तर 'पाचातला एक सापडला' एवढेच कळले असते. घडण पाहिल्यावर कळते की तीव्र रुग्ण शोधण्याचे काम आपल्याकडे बरेच झाले आहे आणि सौम्य रुग्ण शोधण्याचे काम अद्याप सुरूच झालेले नाही.

येथे एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. वरचे दर ज्या देशांतून आले, तेथे हिमोफिलियाचा रुग्ण साठी-सत्तरी गाठतो. जेथे वर्षानुवर्षे औषध म्हणून द्यायचे फॅक्टर मिळाले नाही, तेथे तीव्र रुग्णांतील अनेक जण बालपणी किंवा तरुणपणी दगावलेले असतात, त्यामुळे हयात रुग्णांची संख्या या दरांपेक्षा कमी भरणे स्वाभाविक आहे. म्हणून जन्माच्या वेळचे प्रमाण अधिक भरवशाचे. दर लाख मुलग्यांच्या जन्मांमागे तीव्र हिमोफिलिया एचे ९.५ आणि बीचे १.५ धरले जातात. आपल्या जिल्ह्यात वर्षाला सुमारे ३० हजार जन्म आणि त्यांत साडेपंधरा हजार मुलगे होत असतील, तर तीव्र हिमोफिलिया असलेली मुले वर्षाला दीड-दोन, आणि दहा वर्षांत सतराच्या आसपास जन्मतात. आपल्या यादीत दहा वर्षांखालील ११ आहेत. इतक्या लहान आकड्यांत योगायोगाचा वाटा मोठा असतो. सतराच्या जागी बारा किंवा बावीस मुले जन्मली असती तरी नवल नव्हते. तरीही लहान मुलांपैकी सुमारे दोन तृतीयांश सापडली आणि चाळिशीपुढचे दोघेच सापडले, ही तफावत योगायोगाची नाही. चाळिशीपुढचे बरेचसे आज हयात नसतील. काही कामासाठी मुंबई, पुणे, सुरतेला गेले असतील आणि तिकडच्या केंद्रात नोंदले गेले असतील. काही जण गुडघे कायमचे आखडून घरी बसले असतील आणि 'आता दवाखान्यात जाऊन काय उपयोग' म्हणून येत नसतील. या तिन्ही शक्यतांना वेगवेगळी उत्तरे लागतात, म्हणून प्रत्येक जुन्या नावाचा ठावठिकाणा लावणे आवश्यक आहे.

ए आणि बी यांचे प्रमाण पाहून मला अधिक काळजी वाटली. अपेक्षित प्रमाण साडेचार-पाचास एक असे असते, म्हणजे ४३ जणांत बीचे सात-आठ रुग्ण तरी असावेत. आपल्याकडे दोनच आहेत. बीचे रुग्ण तेवढेच जन्मले नसतील असे होऊ शकते, परंतु माझ्या अनुभवात याचे नेहमीचे कारण वेगळे असते. एपीटीटी ही रक्त गोठण्याच्या वेळेची चाचणी लांबलेली, पीटी ही तशीच दुसरी चाचणी नेहमीसारखी, सांध्यात रक्तस्राव झालेला, एवढे पाहून 'हिमोफिलिया' असा शेरा मारला जातो आणि फॅक्टर ८ व फॅक्टर ९ यांची पातळी प्रत्यक्ष मोजली गेलेली नसते. मग संख्येने ए अधिक असल्यामुळे सर्वांना ए समजले जाते. मी एका मोठ्या रुग्णालयातून आलेला एक तरुण पाहिला होता. त्याला चार वर्षे फॅक्टर ८ दिले जात होते आणि रक्तस्राव थांबत नाही म्हणून 'इनहिबिटर (दिलेल्या फॅक्टरला निष्प्रभ करणारे प्रतिपिंड) तयार झाला असावा' असे त्याच्या कागदांवर लिहिले होते. पातळी मोजली तेव्हा फॅक्टर ८ पूर्ण निघाले आणि फॅक्टर ९ अर्धा टक्काही नव्हते. त्या चार वर्षांत त्याचा उजवा गुडघा गेला. म्हणून माझी पहिली विनंती अशी : ४१ पैकी किती जणांच्या कागदात फॅक्टरची प्रत्यक्ष मोजलेली पातळी, प्रयोगशाळा आणि तारीख आहे, ते आधी मोजा. ज्यांच्या कागदात नाही त्यांना 'ए' या रकान्यातून काढून 'प्रकार निश्चित नाही' या रकान्यात ठेवा. यादी त्यामुळे अपुरी दिसेल, पण ती खरी असेल आणि त्या माणसांची पुन्हा तपासणी होईल.

तपासणीसाठी नमुना पाठवताना होणाऱ्या चुका आकड्यांत उतरतात, म्हणून दोन शब्द. सायट्रेटच्या नळीतले रक्त आखूड भरले, तर एपीटीटी उगाच लांबते. संपूर्ण रक्त बर्फात ठेवून दूर पाठवले, तर व्हॉन विलब्रँड घटक आणि त्याच्यासोबत फॅक्टर ८ कमी दिसू शकते आणि निरोगी माणसाला आजाराचा शिक्का बसतो. शक्यतो रुग्णच फॅक्टरची चाचणी होणाऱ्या ठिकाणी पाठवावा. ते जमत नसेल तर काही तासांच्या आत प्लाझ्मा वेगळा करून, सेंट्रिफ्यूजमध्ये दोनदा फिरवून, गोठवून पाठवावा. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. गुंतागुंतीच्या निदानासाठी तिचा आधार घेता येतो. एमिसिझुमॅब हे फॅक्टर ८ चे काम करणारे औषध घेणाऱ्या रुग्णाची एपीटीटी आणि नेहमीच्या पद्धतीने मोजलेले फॅक्टर ८ दोन्ही फसवी येतात. त्यामुळे रुग्ण कोणते औषध घेतो हे नमुन्यासोबत लिहिलेच पाहिजे.

सौम्य रुग्ण यादीत का नाहीत, याचे कारण आजाराच्या स्वभावात आहे. फॅक्टर १ टक्क्याहून कमी असेल तर मूल रांगायला लागताच निळे डाग, गाठी आणि सुजलेले सांधे दिसतात. फॅक्टर ५ ते ४० टक्के असेल तर तो माणूस शेतात राबतो, संसार करतो, आणि दाढ काढल्यावर किंवा हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर रक्त थांबत नाही तेव्हाच कोणाला तरी शंका येते. त्याची एपीटीटी कधी कधी पूर्णपणे सामान्यही असते. त्याला आपल्या डे-केअर केंद्राची पायरी चढण्याचे कारणच पडलेले नसते. अशा रुग्णांना शोधायचे तर दंतवैद्य, सर्जन, कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि अपघात विभाग यांच्याकडे जावे लागते.

स्त्रियांचा रिकामा रकाना ही माझ्या मते आपल्या यादीतील सर्वांत मोठी उणीव आहे, आणि ती आपल्याच नव्हे तर बहुतेक सर्व जिल्ह्यांच्या यादीत आहे. व्हॉन विलब्रँड आजार हा वंशपरंपरागत रक्तस्रावी आजारांत सर्वाधिक आढळणारा. लक्षणे देणारे त्याचे रुग्ण हजारात एक या क्रमाने धरले जातात आणि तो स्त्री-पुरुष दोघांत होतो. मात्र पाळीत सात-आठ दिवस, कपडे भिजवणारा रक्तस्राव होणारी मुलगी घरात 'आमच्या घरात सगळ्यांचंच असं असतं' असे ऐकते, दवाखान्यात लोहाच्या गोळ्या घेऊन परतते, आणि पुढे तिशी-पस्तिशीत तिची गर्भपिशवी काढली जाते. हिमोफिलियाच्या वाहक स्त्रियांपैकी अनेकींचे स्वतःचे फॅक्टर ४० टक्क्यांहून कमी असते. त्या केवळ वाहक नसून सौम्य रुग्णच असतात. आपल्याकडे नात्यात लग्ने होणाऱ्या समाजांत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. दोन्हीकडून दोष आल्यास होणारे आजार, म्हणजे तिसऱ्या प्रकारचा व्हॉन विलब्रँड, ग्लान्झमान थ्रॉम्बॅस्थेनिया (प्लेटलेट नीट काम न करण्याचा आजार), फॅक्टर ७ किंवा १३ ची कमतरता, तेथे अधिक आढळतात. फॅक्टर १३ च्या कमतरतेत एपीटीटी आणि पीटी दोन्ही सामान्य येतात. नाळ पडल्यावर बाळाच्या बेंबीतून दिवसेंदिवस रक्त झिरपणे ही त्याची ओळख आहे. 'हिमोफिलिया यादी' असे नाव ठेवले की ही सगळी माणसे नावातूनच बाहेर पडतात. म्हणून यादीचे नाव 'रक्तस्रावी विकार' असे ठेवावे.

आता घरोघरी पाहणीविषयी. आरोग्य खात्याच्या मराठीत 'सर्वेक्षण' हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरला जातो : एकदाच केलेली घरोघरची पाहणी, आणि एखाद्या आजारावर वर्षानुवर्षे ठेवलेले नोंदींचे लक्ष. आपल्याला दुसरे हवे आहे. पाच हजार पुरुषांमागे एक अशा दुर्मिळ आजारासाठी लाखो घरे फिरणे म्हणजे आशाताईंच्या श्रमांचा अपव्यय आहे, आणि सौम्य रुग्ण तर तोंडी प्रश्नांनी सापडतही नाहीत. त्यापेक्षा ज्या ठिकाणी हा आजार आपोआप खूण सोडतो तेथे लक्ष ठेवावे. रक्तपेढीचे क्रायो आणि एफएफपी (दात्यांच्या रक्तापासूनचे गोठवलेले प्लाझ्मा घटक) वाटपाचे रजिस्टर, औषध भांडारातील फॅक्टरच्या वाटपाची नोंद, प्रयोगशाळेतील लांबलेल्या एपीटीटीची वही, अस्थिरोग विभागात 'सांध्याचा क्षय' म्हणून वारंवार आलेली लहान मुले, सुंतेनंतर रक्त न थांबलेली बाळे, नवजात विभागातील मेंदूतील रक्तस्राव. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत हिमोफिलिया आहे, त्यामुळे दिव्यांग प्रमाणपत्रांची नोंद हाही एक स्रोत झाला आहे. शाळा आणि अंगणवाड्या तपासणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांना दोनच प्रश्न शिकवले तरी पुरे : मार न लागता सांधा सुजतो का, आणि आईच्या माहेरी कोणाला असा त्रास होता का.

औषधाच्या वाटपावर लक्ष ठेवण्याची किंमत इतिहासानेच दाखवली आहे. १९८१ च्या सुमारास अमेरिकेत पेंटामिडिन हे न्यूमोसिस्टिस या, प्रतिकारशक्ती खचलेल्यांना होणाऱ्या न्यूमोनियावरचे औषध बाजारात मिळत नसे. ते सीडीसी या केंद्रीय संस्थेकडून मागवावे लागे, आणि त्या मागण्या अचानक वाढल्या हे एड्सच्या साथीच्या पहिल्या खुणांपैकी एक होते. पुढे १६ जुलै १९८२ रोजी त्याच संस्थेच्या साप्ताहिकात हिमोफिलिया ए असलेल्या, वेगवेगळ्या राज्यांतील तीन रुग्णांना न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया झाल्याचे छापून आले. हजारो दात्यांच्या प्लाझ्मापासून बनवलेल्या फॅक्टरमधून विषाणू पसरत होता. अमेरिकेतील हिमोफिलियाच्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे एचआयव्हीने बाधित झाले. ब्रिटनमध्ये १९६८ पासून हिमोफिलियाची राष्ट्रीय नोंद ठेवली जात होती, म्हणून तेथे या हानीचे मोजमाप नेमके झाले. तीव्र हिमोफिलियातील मृत्यूचे प्रमाण १९८५ पूर्वी वर्षाला हजारी ८ होते. एचआयव्ही नसलेल्यांत ते पुढेही ८ च राहिले. बाधितांत मात्र १९९१-९२ मध्ये ते हजारी ८१ पर्यंत गेले. या दोन आकड्यांतील फरक दाखवता आला, कारण प्रत्येक माणसाची नोंद साथीच्या आधीपासून होती आणि मृत्यूनंतर त्याचे नाव यादीतून पुसले गेले नव्हते.

अमेरिकेने त्यातून धडा घेऊन १९९३ ते १९९८ या काळात सहा राज्यांत हिमोफिलियाची पद्धतशीर मोजणी केली. तिची रीत आपल्याला उपयोगी आहे. त्यांनी केवळ उपचार केंद्रांच्या याद्या घेतल्या नाहीत. रुग्णालये, प्रयोगशाळा, खासगी डॉक्टर असे सर्व स्रोत चाळले. म्हणूनच सुमारे एक तृतीयांश रुग्ण विशेष केंद्रांत जातच नाहीत हे कळले, आणि दोन गटांची तुलना शक्य झाली. केंद्रांत उपचार घेणाऱ्यांचा मृत्यूचा धोका, आजाराची तीव्रता व इतर बाबी विचारात घेऊनही, ४० टक्क्यांनी कमी होता. केवळ केंद्रांतील रुग्ण मोजले असते तर हे कधीच कळले नसते. १९९८ पासून त्यांच्या शंभरहून अधिक केंद्रांत दरवर्षी सांध्यांची स्थिती, संसर्ग आणि रक्तनमुने यांची एकसारखी नोंद सुरू झाली, आणि २०११ नंतर तिच्या जागी अधिक व्यापक योजना आली, जिच्यात इनहिबिटर आणि मृत्यू यांवर स्वतंत्र लक्ष दिले गेले.

भारतातील चित्र वेगळे आहे. आपल्याकडे राष्ट्रीय आकडा मुख्यतः १९८३ मध्ये स्थापन झालेल्या हिमोफिलिया फेडरेशनच्या शाखांच्या परिश्रमातून उभा राहिला. रुग्ण आणि त्यांचे आईवडील यांनी स्वतः गावोगाव फिरून तो जमवला, याबद्दल मला अतिशय आदर आहे. तोच आकडा जागतिक हिमोफिलिया महासंघाच्या वार्षिक पाहणीत जातो. मात्र वरच्याच दराने देशातील सुमारे ७० कोटी पुरुषांमागे दीड लाखाच्या जवळपास रुग्ण अपेक्षित असताना नोंदलेले रुग्ण त्याच्या पाव भागाहूनही कमी आहेत. सर्वांत मोठी दरी आहे ती आपल्यासारख्या जिल्ह्यांत, आणि ती दिल्लीतून भरून निघणारी नाही.

रुग्ण शोधण्याचा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा मार्ग मात्र कोणत्याही रजिस्टरमध्ये नाही, तो मुलाच्या आजोळात, म्हणजे आईच्या माहेरी आहे. हिमोफिलिया ए आणि बी हे आईकडून मुलाला येतात. म्हणून प्रत्येक रुग्णामागे मामा, आईचे मामा, मावशांचे मुलगे, आणि रुग्ण मोठा असेल तर त्याच्या लेकींचे मुलगे, एवढ्यांची विचारपूस करावी. सुमारे एक तृतीयांश घरांत आधीचा इतिहास नसतो, तरीही उरलेल्या घरांत हा धागा फार दूर नेतो. दुधाचा दात पडल्यावर चार दिवस रक्त न थांबलेला सहा वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला होता. आईने सुरुवातीला 'घरात कुणाला नाही' असेच सांगितले, कारण तिच्या मनात घर म्हणजे सासर होते. माहेरचे विचारल्यावर कळले की तिचा भाऊ बाराव्या वर्षी 'पोटात रक्त होऊन' गेला आणि तिच्या बहिणीच्या दोन्ही मुलांना गुडघ्याच्या क्षयाची औषधे सुरू होती. ती दोन्ही मुले हिमोफिलियाची निघाली. हिमोफिलिया असलेल्या पुरुषाची प्रत्येक मुलगी वाहक असतेच. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत जेथे आहे, तेथे मामा आणि भाचा दोघेही रुग्ण असले, तर त्या जोडप्याच्या मुलींनाही हा आजार होण्याची निम्मी शक्यता असते. हे त्या घरांना लग्नाआधी कळणे हा त्यांचा अधिकार आहे.

याच कारणाने वाहक मुलींच्या नोंदीबाबत मी अत्यंत सावध राहण्यास सांगतो. अशी यादी गावात फुटली तर मुलीचे लग्न मोडते, आणि त्यानंतर ते कुटुंब आपल्याकडे कधीच येत नाही. वाहक चाचणीचा निकाल वेगळ्या कुलूपबंद नोंदीत असावा, सज्ञान मुलीच्या स्वतःच्या संमतीने घेतलेला असावा, आणि राज्याकडे जाणाऱ्या तक्त्यात तिचे नाव मुळीच नसावे. यादी मोबाईलच्या गटांवर फिरवली जाते हे मी पाहिले आहे. तसे होऊ देऊ नका.

आपण वेगवेगळ्या ठिकाणच्या याद्या जुळवाल तेव्हा एकच मुलगा तीन ठिकाणी तीन नावांनी सापडेल. जिल्हा रुग्णालयात 'सोन्या', पुण्याच्या केंद्रात पूर्ण नाव, रक्तपेढीत वडिलांचे नाव. जन्मतारीख, गाव, आईचे नाव आणि फॅक्टरची पातळी एकत्र पाहून नोंदी जुळवाव्या लागतात. हे काम कंटाळवाणे आहे, पण याच जुळणीतून न सापडलेल्यांचा अंदाजही निघतो. समजा डे-केअर केंद्राच्या यादीत ३० नावे आहेत, रक्तपेढ्यांच्या यादीत २४, आणि दोन्हींत असलेली १२. मग ३० गुणिले २४ भागिले १२, म्हणजे ६० रुग्ण असावेत, जरी प्रत्यक्ष नावे ४२ च मिळाली असली तरी. हे गणित १९४९ मध्ये आपल्याच लोकसंख्याशास्त्रज्ञ चंद्रशेखरन यांनी अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ डेमिंग यांच्यासह कलकत्त्याजवळच्या सिंगूर येथील जन्म-मृत्यू नोंदींवर मांडले होते. मात्र दोन्ही याद्या एकमेकींवर अवलंबून नसाव्यात ही त्याची अट आहे. आपल्याकडे डे-केअर केंद्रच रुग्णाला रक्तपेढीकडे पाठवते, त्यामुळे सामाईक नावे वाढतात आणि अंदाज खऱ्यापेक्षा कमी येतो. म्हणून ६० हा आकडा 'किमान' समजावा. आणि सौम्य रुग्ण दोन्ही याद्यांत नसतातच, त्यामुळे या रीतीनेही ते दिसत नाहीत.

आतापर्यंतचे थोडक्यात असे : प्रकाराची खात्री आधी, मग आजोळाकडून शोध, मग रजिस्टरांवर लक्ष, आणि नावांची जुळणी सतत.

तक्त्यात काय असावे, हा आपला शेवटचा प्रश्न. ऐंशी रकान्यांचे तक्ते मी पुष्कळ पाहिले. पहिल्या वर्षी ते निम्मे भरतात आणि तिसऱ्या वर्षी कोणी उघडत नाही. मी थोडे रकाने ठेवतो, पण ते दरवर्षी भरतो. ओळख, तालुका, निदान व त्यामागची मोजलेली पातळी, शेवटची भेट कधी झाली ती तारीख, आणि आज तो माणूस हयात आहे, स्थलांतरित आहे की मरण पावला आहे, एवढे तर हवेच. तालुका लिहिलात की नावे नकाशावर ठेवून पाहा. जिल्ह्याच्या गावाभोवती गर्दी आणि दूरच्या तालुक्यांत शून्य असे दिसले, तर ती एसटीच्या फेऱ्यांची नोंद आहे, आजाराची नव्हे. इनहिबिटरची चाचणी कधी झाली आणि निकाल काय, हा रकाना अत्यावश्यक आहे. तीव्र हिमोफिलिया एच्या मुलांपैकी २५ ते ३० टक्क्यांत इनहिबिटर तयार होतो, तोही बहुतेक वेळा प्रत्यक्ष फॅक्टर घेतलेल्या पहिल्या ५० दिवसांत. म्हणजे ज्या वयात आपण चाचणी टाळतो त्याच वयात. कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्ही यांची वार्षिक तपासणी जोडावी, कारण आपल्याकडे अजूनही काही रुग्णांना फॅक्टरऐवजी क्रायो व प्लाझ्मा द्यावा लागतो. सांध्यांचे रक्तस्राव किती झाले हे रुग्णाने घरी वहीत लिहावे. शाळा किंवा काम किती दिवस बुडाले, हा साधा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो, आणि पालकांना तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

वर्षभरात जिल्ह्यात एकूण किती युनिट फॅक्टर दिले गेले, हा आकडा जिल्ह्याच्या पातळीवर वेगळा ठेवावा. रुग्ण केवळ जगावेत एवढ्यासाठीसुद्धा दरडोई किमान १ युनिट हा जागतिक महासंघाचा निकष आहे. २० लाख लोकसंख्येला तो वर्षाला २० लाख युनिट होतो. सांधे वाचवायचे असतील तर त्याच्या कित्येक पट. एमिसिझुमॅब या हिशोबात बसत नाही, म्हणून त्यावरचे रुग्ण वेगळे दाखवावेत. मागणीपत्रासोबत हा हिशोब जोडला की साठा का संपतो, यावर चर्चा करणे सोपे जाते.

आणि मृत्यू. वर्षभर न आलेल्या रुग्णाचे नाव अनेक ठिकाणी यादीतून गळते आणि आकडा 'स्वच्छ' होतो. कृपया तसे करू नका. त्या घरी फोन करा, आशाताईंना पाठवा. तो मुलगा गेला असेल तर कधी, कशाने, शेवटच्या दिवशी त्याला कुठे नेले होते आणि तेथे फॅक्टर होते का, हे लिहून ठेवा. डोक्यातील रक्तस्राव हे अशा मृत्यूंचे नेहमीचे कारण असते आणि तेथे एकेक तास मोलाचा असतो. अशा पाच-सहा नोंदी एकत्र वाचल्या तर कोणत्या तालुक्याच्या रुग्णालयात फॅक्टरचा आपत्कालीन साठा असायला हवा, हे सांगण्यासाठी दुसऱ्या पुराव्याची गरज राहत नाही.

राज्याकडे ४३ हा आकडा जरूर पाठवा, तो रोखून ठेवण्यात अर्थ नाही. फक्त त्याखाली चार ओळी लिहा : ही संख्या अमुक तारखेपर्यंत निदान व नोंद झालेल्या हयात रुग्णांची आहे. त्यांपैकी इतक्या जणांची फॅक्टर पातळी मोजलेली आहे आणि इतक्या जणांचा प्रकार अनिश्चित आहे. लोकसंख्येवरून अपेक्षित संख्या सुमारे २०० असून सौम्य रुग्ण, स्त्रिया आणि व्हॉन विलब्रँड आजार यांचा शोध अद्याप सुरू झालेला नाही. पुढील यादी अमुक महिन्यात पाठवली जाईल. फॅक्टरच्या चाचण्यांसाठी निधी लागेल, त्याची मागणीही याच पत्रात करा. ज्यांची पातळी मोजलेली नाही त्यांची यादी तयार झाली की मला जरूर कळवा. कोणाला आधी बोलवायचे, हे आपण नावे वगळून, वय आणि लक्षणे पाहून ठरवू.